जुनेर आणि चीवर

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशेजारची भिंत गेल्या हिवाळ्यात रंगवण्यात आली. तिच्यावर खुंट्या ठोकल्या गेल्या, खाली दोन फळ्या बसल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिले गेले : 'माणुसकीची भिंत. नको असेल ते द्या, हवे असेल ते घ्या.' उद्घाटनाला मी दोन शब्द बोलावेत असा प्राचार्यांचा आग्रह होता. मीच का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. प्राध्यापकवर्गात या भिंतीच्या 'घ्या' या बाजूने आलेली मी एकटीच आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मी बोलले नाही. तब्येतीचे कारण पुढे केले. ते खोटे होते. खोटे बोलून सुटका करून घेतल्याची टोचणी लागली म्हणून हा लेख लिहिते आहे.

ही भिंत मूळची आपल्याकडची नाही. २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात कोणीतरी एका भिंतीवर खुंट्या ठोकून असेच वाक्य लिहिले आणि थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी कोट-स्वेटर टांगले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या गावागावांत अशा भिंती उभ्या राहिल्या. कल्पना साधी आणि हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. वापरात नसलेली वस्तू कपाटात कुजण्यापेक्षा कोणाच्या तरी अंगावर जावी, कचऱ्याचा ढीग कमी व्हावा, गरिबाचा पैसा वाचावा, या गोष्टींना विरोध करण्याइतकी मी श्रीमंत नाही. मी जुन्या वस्तूंवरच वाढले. माझा प्रश्न वेगळा आहे. मशहदच्या भिंतीवर कोट टांगणारा आणि तो काढून घेणारा यांच्यात गरीब-श्रीमंत हे अंतर होते. आपल्या भिंतीवर शर्ट टांगला जातो तेव्हा त्या शर्टामागे दोन हजार वर्षांचा एक कायदा उभा असतो. तो न वाचता भिंत रंगवता येते. पण आपल्या चळवळीतल्या माणसाने तो वाचल्याशिवाय तिच्यावर भाषण करू नये.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला १२५ वा श्लोक सेवक शूद्राला काय द्यावे ते सांगतो. उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा कोंडा आणि घरातले जुने सामानसुमान. यादी इतकी बारकाईने केली आहे की कोंडाही सुटलेला नाही. त्याच अध्यायातला ५२ वा श्लोक आणखी पुढे जातो. चांडाळाने मेलेल्या माणसाची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, दागिना घालायचा तर लोखंडाचा घालावा. म्हणजे जुन्या वस्तूंचा पुनर्वापर हा या देशात पर्यावरणाचा विचार म्हणून सुरू झाला नाही. तो वर्णाचा गणवेश म्हणून लिहिला गेला. कोण कोणाचे उतरलेले घालतो यावरून कोण कोणाचा, हे दुरून ओळखू यावे यासाठी. आणि हे केवळ पोथीत राहिले असेही नाही. महारांच्या बलुत्यातल्या हक्कांत प्रेतावरचे कापड हा एक हक्क होता. मढे पुढे गेले की कापड मागे आमच्याकडे यायचे, आणि त्याला हक्क म्हणायचे! १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. कापड देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा मात्र कायद्याने हलली नाही.

मराठीत या कापडाला नेमका शब्द आहे : जुनेर. शब्दकोशात त्याचा अर्थ जुने वस्त्र एवढाच दिलेला असेल. पण बोलीत 'जुनेर मागणे' ही एक संपूर्ण क्रिया आहे. सणाच्या आदल्या दिवशी मागच्या दाराने जायचे, उंबऱ्याच्या खाली उभे राहायचे, वरून पडलेले पदरात झेलायचे आणि तोंडाने आशीर्वाद द्यायचा. माझ्या आजीने हे केले. आईने दोन-तीनदा केले आणि सोडले.

सोडले त्याचे कारण मी आहे. २००० सालच्या आसपास, पाचवीत असताना, मला वाड्यातून आलेला शाळेचा स्कर्ट मिळाला. निळा, चांगल्या कापडाचा, माझ्यापुढे दोन इयत्ता असलेल्या वाड्यातल्या मुलीचा. त्याची खालची दुमड एकदा उसवून लांबी वाढवली होती आणि जुन्या घडीची पांढुरकी रेघ तशीच राहिली होती. प्रार्थनेच्या रांगेत त्या मुलीने ती रेघ ओळखली. ती वाईट मुलगी नव्हती. तिने मला हिणवले नाही, की मैत्रिणींना दाखवले नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "नीट वापर हं. आईनं सांगितलंय." एवढेच. पण त्या क्षणापासून तो स्कर्ट माझ्या अंगावर असूनही माझा राहिला नाही. मी धावताना त्याला जपू लागले, बाकावर बसताना त्याला जपू लागले. घरी येऊन रडले. आईने काही विचारले नाही. तिने तो उसवला आणि वाकळीत घातला. पुढच्या आठवडी बाजारातून जुन्या कपड्यांच्या ढिगातला दुसरा स्कर्ट दहा रुपयांना आणला. तो कापडाने निकृष्ट होता, कमरेला सैल होता. आई म्हणाली, "पैसे मोजून आणलाय. ह्यो आता तुजा हाय. फाटला तर फाटला."

दोन्ही स्कर्ट जुनेच होते. दोन्ही कोणाच्या तरी अंगावरून उतरलेले. दुसरा कोणाचा होता हे आम्हाला माहीत नव्हते आणि ज्याचा होता त्याला आम्ही माहीत नव्हतो. मधे दहा रुपये आले होते आणि आईने त्या दहाचे आठ करायचा प्रयत्नही केला होता. घासाघीस करणे म्हणजे 'हे मी घेईन किंवा घेणार नाही' असे म्हणण्याची ताकद असणे. मागच्या दाराशी घासाघीस होत नसते.

बाजाराचा हा गुण आपल्या लिखाणात नीट आलेला नाही असे मला वाटते. भांडवलशाहीवर आपण पुष्कळ लिहिले आणि ते बरोबरच आहे. पण गावगाड्यातून सुटणाऱ्या माणसाला जुना बाजार ही मोकळ्या श्वासाची जागा होती, हेही तितकेच खरे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, कुठल्याही तालुक्याच्या आठवडी बाजारातला कपड्यांचा ढीग, इथे गिऱ्हाइकाची जात विचारत नाहीत. बोहारणीचेच उदाहरण घ्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती मध्यमवर्गाच्या दारात बसते आणि तीन जुन्या साड्यांना एक डबा की चार साड्यांना, यावर तासभर वाद घालते. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रिया करतात. पुढे त्या कपड्यांची निवड होते. घालण्याजोगे वेगळे, दुरुस्त करण्याजोगे वेगळे, आणि उरलेल्या चिंध्या गॅरेज व कारखान्यांत यंत्रे पुसायला. घालण्याजोगे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येतात. तिच्या पाटीत दान नाही. साडी देणाऱ्या बाईंना डबा मिळाला, बोहारणीला मजुरी मिळाली, आमच्यासारख्याला परवडणारे कापड मिळाले. कोणी कोणाला आशीर्वाद दिला नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नात रेघ कुठे ओढली होती ते पाहण्यासारखे आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा असे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली त्याच परिषदेच्या वेळी, ते स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने का टाकावेत हे त्यांनी सांगितले. आणि त्याच भाषणात, कपड्याला ठिगळे असली तर हरकत नाही, तो स्वच्छ असावा, असेही सांगितले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी नवे कापड घ्या असे सांगितले नाही. त्या बायांकडे पैसा नव्हता हे त्यांना माहीत होते. ठिगळाला त्यांची हरकत नव्हती. ठिगळ हे आपल्या हाताचे काम असते. त्यांची हरकत खुणेला होती.

स्वतः बाबासाहेबांनी जुन्या वस्तूंचा केवढा उपयोग केला! न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान असलेले जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. माणूस पुन्हा जमवायला लागला. राजगृहाचे ग्रंथालय हे एका अर्थाने जुन्या बाजाराने घडवलेले ग्रंथालय आहे, असे म्हटले तर कोणाला राग येऊ नये.

माझेही पदवीचे शिक्षण असेच झाले. वर्ष संपले की वरच्या वर्गातला विद्यार्थी पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्याला विकतो, ही पद्धत तुम्ही सगळ्यांनीच वापरली असेल. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे आलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर पाच नावे होती. पाचही वसतिगृहातली. पहिल्याने निळ्या शाईत खुणा केल्या होत्या, दुसऱ्याने त्यातल्या दोन चुकीच्या म्हणून खोडल्या होत्या. तिसऱ्या मुलीने समासात मराठी अर्थ लिहिले होते, कारण पुस्तकाची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि घरी विचारायला कोणी नव्हते. माझ्यासाठी ते समास म्हणजेच शिकवणी होती. नवे कोरे पुस्तक मला इतके शिकवू शकले नसते. मी त्यावर सहावे नाव घातले आणि पुढच्या मुलाला दिले. त्याच्याकडे अर्धेही पैसे नव्हते, म्हणून ठरले की तो माझ्या धाकट्या भावाला महिनाभर गणित शिकवील. वस्तू जुनी होत गेली आणि तिची किंमत वाढत गेली. शासनाची पुस्तकपेढी योजना याच तत्त्वावर उभी आहे. एक संच अनेकांनी वापरायचा, परत करायचा, पुढच्याने घ्यायचा. ती भीक नाही, कारण परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते आणि जबाबदारी बरोबरीच्या माणसावरच टाकतात. पुनर्वापराने समाजाचा फायदा होतो असे म्हणतात त्याचा पुरावा मला विचारलात, तर मी त्या पुस्तकाचे पहिले पान दाखवीन.

इथे धम्माकडे वळावे लागते, कारण या विषयावर आपल्याकडे मनूपेक्षा वेगळा आणि सविस्तर विचार आहे, आणि आपण तो फारसा वापरत नाही. भिक्खूचे मूळ वस्त्र पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरून, रस्त्यावरून, स्मशानातून उचललेल्या चिंध्या धुऊन, शिवून, रंगवून केलेले चीवर. कापड पाहा, तेच आहे! मनूने चांडाळाला सक्तीने नेसायला लावले तेच मढ्यावरचे कापड. पण विनयपिटकाच्या महावग्गात पुढची गोष्ट आहे. जीवक वैद्याने बुद्धाला उंची वस्त्र अर्पण केले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची भिक्खूंना अनुज्ञा मागितली. बुद्धाने ती दिली आणि सांगितले की ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाचे चीवर घ्यावे. 'ज्याला हवे त्याने' या तीन शब्दांत स्मशानातल्या कापडाचा अर्थ पार बदलून जातो.

चुल्लवग्गातली दुसरी कथा तर या विषयावरचा पाठच आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, हा श्रमण कापडाचे दुकान घालणार की काय? त्याने आनंदाला विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आंथरुणे करू. जुन्या आंथरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर घालायला. त्याचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचे? तुकडे करून, चिखलात मळून जमीन सारवू. राजा खूष झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. मला या कथेत राजाच्या खुषीपेक्षा त्याचे प्रश्न आवडतात. देणारा हिशेब मागतो आणि घेणारा मान वर करून हिशेब देतो. शिवाय वस्त्रे आनंदाची होत नाहीत, संघाची होतात. वाटपाची सुरुवात ज्याचे फाटले आहे त्याच्यापासून होते. आमच्या मायबाया लुगड्याला दांड भरत, मग त्याचे धडुते करत, मग वाकळ, मग पोतेरे. आनंदाची यादी त्यांनी न वाचता पाळली होती. प्रस्थापित साहित्याला त्यातली वाकळ तेवढी दिसली, आणि तिचे नाव गोधडी ठेवून त्यात आजीच्या मायेची ऊब भरली. दांड भरलेल्या लुगड्याची शिवण चालताना मांडीला काचते, हे तिथे कुठे येत नाही. आपल्याकडेही उष्ट्यावर जेवढे लिहिले गेले तेवढे जुनेरावर लिहिले गेले नाही. ओमप्रकाश वाल्मीकींनी १९९७ साली आपल्या आत्मकथनाला 'जूठन' हे नाव दिले. अंगावरच्या जूठनचे आत्मकथन कोणीतरी लिहायला हवे.

याची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी अर्धेच बोलले असे होईल. आपल्या वस्तीतला तरुण आज जुने कापड हातात धरत नाही. लग्नात नवे, जयंतीला नवे, हप्त्यावर का होईना पण नवे. कार्यकर्ते मित्र मला म्हणतात, बाबासाहेबांचा सूट हेच आमचे उत्तर आहे. मला ते समजते. ज्याच्या आजीने उंबऱ्याखाली पदर पसरला त्याने नव्याचा हट्ट धरला तर त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यातही हा उपदेश करणारे लोक स्वतः आता जुने कपडे 'व्हिंटेज' म्हणून दुप्पट भावाने घेतात आणि त्याला जीवनशैली म्हणतात. त्यांच्या अंगावरचे जुने म्हणजे अभिरुची आणि आमच्या अंगावरचे जुने म्हणजे उतरण! पण नव्याच्या हट्टाने सावकाराचे आणि हप्तेवाल्याचे घर भरते, हेही त्या मित्रांना मी तोंडावर सांगते. एका नव्या बुटाच्या हप्त्यापायी परीक्षेचे शुल्क राहिलेला विद्यार्थी माझ्या वर्गात बसतो. नकार हा जुनेराला द्यायचा आहे. जुन्या वस्तूला नकार देऊन आपण मनूचा अर्थच कायम करतो. जुने ते हीनाचे, हे आपणही मान्य केले असे होते.

आणि ज्यांच्या हातून हा सगळा पुनर्वापर घडतो त्यांचे काय? बूट शिवणारा चांभार, रफूगार, भंगार निवडणाऱ्या बाया. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या दलित जातींतल्या आहेत. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी तिने करार केला. शहराचा कचरा उकिरड्यावर जाण्याआधी त्यातली उपयोगी वस्तू वाचवणारे हात हे आहेत. त्यांनी ओळखपत्र मागितले, मजुरी मागितली, कचरा हाताळण्याचे काम हे कौशल्याचे काम आहे असे ठणकावून सांगितले. पर्यावरणाच्या व्याख्यानात जेव्हा 'जुने वापरा, दुरुस्त करा' असे सांगतात तेव्हा दुरुस्त करणाऱ्याचा दर कोणी सांगत नाही. चपलेच्या टाक्याला वीस रुपये मागितले की व्याख्याता नवी चप्पल घेतो.

न विचारता दिलेल्या कपड्यांचे काय होते हे देशाने २००४ च्या त्सुनामीनंतर पाहिले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले आणि ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. घर वाहून गेलेल्या कोळणीनेही ते उचलले नाहीत, कारण तिला काय हवे हे तिला कोणी विचारलेच नव्हते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'गूंज' या संस्थेने त्या ढिगांतून कपडे निवडून कामी लावले. तिची पद्धत अशी की गावाने आपल्या गरजेचे काम ठरवायचे, विहीर, बांध, रस्ता काहीही. श्रमाने ते पुरे करायचे आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यायचे. यालाही माझी एक शंका आहे. शहरातल्याचे टाकाऊ जर खेड्यातल्याच्या मजुरीचे नाणे होणार असेल, तर रोख मजुरीचे काय? रोजगार हमीचा हक्क मिळवण्यासाठी महाराष्ट्रात लोक लढले आहेत. त्याची जागा शर्टाने घेऊ नये. पण निदान तिथे घेणाऱ्याने काय केले हे मोजले जाते, आणि भिंतीपेक्षा ते बरे.

भिंतीकडे परत येते. जानेवारीत मी प्राचार्यांना एक अर्ज दिला. भिंतीऐवजी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आठवड्यातून एक दिवस दुकान मांडावे. पुस्तके, कपडे, सायकली, चष्म्याच्या चौकटी, जे येईल ते. प्रत्येक वस्तूला किंमत असावी, पाच रुपये का होईना. घासाघीस चालावी. फाटके, डागाळलेले विद्यार्थ्यांच्या समितीने दारातूनच परत करावे. जमलेला पैसा परीक्षा शुल्काच्या निधीला जावा आणि हिशेब फलकावर लागावा. शेवटची अट अशी होती की ज्या प्राध्यापकाने वस्तू दिली त्याने त्या सत्रात निदान एक वस्तू विकत घेतलीच पाहिजे.

शेवटच्या अटीवर शिक्षक-खोलीत बरीच चर्चा झाली. "मॅडम, आम्ही कशाला घ्यायचे? आम्हाला गरज नाही," असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. ते मनापासून म्हणाले. अट गाळून अर्ज मंजूर झाला.

दुकान आता बुधवारी भरते. आतापर्यंत शिक्षकांकडून पुष्कळ आले. गेले ते विद्यार्थ्यांकडे आणि शिपाईकाकांकडे. गेल्या बुधवारी मी तिथून एक करड्या रंगाचा स्वेटर घेतला. समितीतल्या मुलीने चाळीस सांगितले, मी तीस म्हटले, पस्तिसावर ठरले. बाही कोपरावर विरली होती, ती घरी रफू केली. दुसऱ्या दिवशी तो घालून शिक्षक-खोलीत गेले. त्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो ओळखला. त्यांच्या मुलाचा होता. ते क्षणभर बाहीकडे पाहत राहिले. मग विचारले, "केवढ्याला पडला?"

मी सांगितले. ते म्हणाले, "जास्त दिलेत."